मागणाऱ्या बाई

आमच्या शाळेत शिकवणाऱ्या सगळ्या बायका 'मॅम' होत्या. त्या एकट्या 'बाई'. कुणी चुकून मॅम म्हटलं, की त्या मागे वळून बघायच्या आणि म्हणायच्या, "कोण? इथे तर कुणी नाही."

शाळा नवी मुंबईत, पामबीच रोडच्या कडेला. काचेची इमारत, रिसेप्शनला मोठी माशांची टाकी, आणि आत शिरलं की हॉटेलसारखा सुगंध. मुलं बिल्डरांची, डॉक्टरांची, जहाजकंपनीतल्या साहेबांची, वाशीच्या मार्केटमधल्या व्यापाऱ्यांची. अशा शाळेत बाई मराठी शिकवायच्या, आणि दिवसभर कुणा ना कुणाकडे काहीतरी मागत असायच्या.

मी गणित शिकवायला नवीनच लागले होते. कोपरखैरण्यात वाढलेली, पहिलीच नोकरी. इंग्रजी बोलताना एकेक शब्द तपासून बोलायची. पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या कोपऱ्यात पाठ करून डबा उघडला. त्या खोलीत सगळ्याजणी आपापल्या डब्यातलं सॅलड आपापल्या काट्यानं खात होत्या. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला.

"काय आणलंस गो? वाल हायत? दे की जरा."

मी दचकले. बाईंनी माझ्याच डब्याच्या झाकणात वाल काढून घेतले, उभ्यानंच खाल्ले, आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार, कोकम टाकते का आमसूल. उद्या सांग मना." मी हसून सांगितलं की बाई, दोन्ही एकच. "मंग तू पास," म्हणून त्या झाकणासकट निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी माझं झाकण परत आलं, त्यात कोळंबीचं लोणचं होतं. बाईंकडून भांडं कधी रिकामं परत यायचं नाही. एका जैन मॅमनी घाबरत घाबरत त्यांना डबा दिला होता. तिला पेरूच्या फोडी मिळाल्या, वर चिठ्ठी, 'हे झाडावरचं आहे, टेन्शन नको.'

बाई उरणजवळच्या मोऱ्याच्या. वडील लाँचवर कामाला होते. वर्गात त्यांचं मराठी असं स्वच्छ, की रेडिओवरच्या बातम्या ऐकतोय असं वाटावं. पण खुशीत आल्या किंवा चिडल्या, की मोऱ्याची बोली सुरू. मुलांना हे पक्कं ठाऊक होतं. 'हाय' आणि 'नाय' ऐकू आलं की वर्ग एकतर खूश व्हायचा, नाहीतर पुस्तकं उघडायचा.

सेफ्टी पिन, चार्जर, कंगवा, छत्री, ओढणी, काहीही मागायच्या. मुख्याध्यापिका मॅडमकडे त्यांनी एकदा चष्मा मागितला होता. "माझा घरी राहिला, तुमचा नंबर काय?" मॅडमनी गोंधळून दिला. बाई तो लावून अख्खा तास शिकवून आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला फार लांबचं दिसतं."

शाळा सुटली की फाटकापाशी गाड्यांची रांग लागायची. एकीपेक्षा एक लांब, काळ्या काचांच्या. बाई रांगेतून चालत जायच्या, एखाद्या काचेवर टकटक करायच्या. काच खाली आली, की "उरण फाट्यापर्यंत सोडता?" आत बसलेली आई बिचारी नाही कसं म्हणणार? मागचं दार उघडायची. बाई पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसायच्या. कितीही आग्रह करा, मागे बसायच्या नाहीत. "मागे बसलं की रस्ता दिसत नाही आणि गप्पाही होत नाहीत." त्यामुळे त्यांना शाळेतल्या प्रत्येक मुलाचं घर दोन्ही बाजूंनी माहीत होतं, मागच्या सीटवरूनही आणि पुढच्याही.

एकदा मी विचारलं, "बाई, तुम्हाला लाज नाही वाटत?"

"कसली? कुणी 'नाही' म्हटलं तर अंगाला भोकं पडतात का? आणि मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही."

"पण इथल्या लोकांकडे?"

"इथल्याच लोकांकडं. ही पोरं बघ तू. यांच्याकडं सगळं हाय. म्हनूनच यांना कोन नाय."

मला त्या वेळी ते नुसतं टाळीचं वाक्य वाटलं. मग त्यांचा वर्ग पाहिला.

त्यांच्या तासाला एका बाकावर एकच पेन्सिल, एकच पट्टी, एकच पुस्तक. बाकीचं दप्तरात. ज्या मुलांच्या कंपासपेटीत परदेशातून आणलेली बारा रंगांची पेनं, ती मुलं आधी नुसती बसून राहिली. शेजारच्याकडे मागायचं कसं, हेच त्यांना माहीत नव्हतं. मग हळूहळू 'दे ना यार', 'थांब ना, माझं संपू दे', 'तू घे आधी' सुरू झालं. गोंगाट इतका, की मुख्याध्यापिका मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, हा आवाज कसला?"

"ओळख होतेय, मॅडम."

हजेरी घेतानाही 'प्रेझेंट' चालायचं नाही. काल कुणाकडे काय मागितलं ते सांगायचं. सुरुवातीला सगळे एकच सांगायचे, 'पप्पांकडे नवा फोन.' बाई म्हणायच्या, "ते मागणं नाही, ती ऑर्डर."

त्या वर्षी मी आठवीची वर्गशिक्षिका होते. मराठीच्या उताऱ्यात 'विरजण' असा शब्द आला आणि बाईंनी अर्थ लिहायला सांगितला. एका मुलानं लिहिलं, 'वीर जन म्हणजे शूर माणसे.' बाई ती वही घेऊन स्टाफरूममध्ये आल्या आणि हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "उत्तर चुकलेलं नाय गो. आता यांना शूर करतेच."

शुक्रवारी गृहपाठ दिला. शेजाऱ्यांकडून विरजण मागून आणायचं, घरी दही लावायचं, सोमवारी वर्गात आणायचं. आपल्या फ्रिजमधलं चालणार नाही, मागवलेलं चालणार नाही. "दहा मिनिटांत दही आणून देणाऱ्या ॲपला शेजारी म्हणत नाहीत," असं फळ्यावरच लिहिलं.

मी त्यांना जिन्यातच गाठलं. मला राग आला होता. आमच्या वर्गात आरटीईची मुलं होती, कायद्यानं मोफत जागा मिळालेली. त्यातला ओंकार माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. वडील ड्रायव्हर, आई शिवणकाम करायची. पोरगा हुशार, आणि इतका मानी, की वाढदिवसाला कुणी चॉकलेट दिलं तरी खिशात ठेवून घरी न्यायचा.

"बाई, श्रीमंतांच्या मुलांना मागायला लावणं ही गंमत आहे," मी म्हटलं. "पण ज्यांच्या घरात रोजच कुणाकडे ना कुणाकडे मागावं लागतं, त्यांनाही तुम्ही हेच करायला लावणार?"

बाई थांबल्या. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी प्रथमच काहीतरी बरोबर बोलले आहे.

"ओंकारला मी मागायला सांगितलंच नाय. त्याला आनि त्या बाकीच्यांना सांगितलंय, तुमी द्यायचं. घरात विरजण तयार ठेवा, कोन दारात आला तर परत पाठवू नका. ज्याला ज्याची सवय नाय, त्यानं ते करायचं."

त्यांनी माझी पाण्याची बाटली मागितली आणि अर्धी पिऊन टाकली.

शनिवार-रविवारी पामबीचच्या टॉवरांत जे काही झालं, ते पुढे कितीतरी दिवस आमच्या स्टाफरूमला पुरलं. एका मुलानं समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. आतल्या बाईंनी इंटरकॉमवर सिक्युरिटीला कळवलं की कुणीतरी मुलगा वाटी घेऊन उभा आहे. सिक्युरिटी वर आला, त्यानंच त्याला आपल्या डब्यातलं दही दिलं. आमच्या 'वीर जन'वाल्याला वरच्या मजल्यावरच्या गुजराती आजींनी आत घेतलं, दोन तास सोडलंच नाही. गरम ढोकळा खायला घातला, नातवाचे फोटो दाखवले. त्याची आई शोधत वर गेली आणि तीही बसली. एका ठिकाणी समोरासमोर राहणारी दोन घरं प्रथमच बोलली आणि दोन्ही नाशिकचीच निघाली.

मायरा नावाच्या मुलीला मात्र कुठेच विरजण मिळेना. वडील बांधकाम व्यवसायातले, तेविसावा मजला. तिनं दारामागून दार वाजवलं. कुणाकडे डब्यातलं फळांचं दही, कुणाकडे बदामाचं, एकानं तर दार उघडून नुसतं 'नो थँक्यू' म्हटलं. ती रडकुंडीला येऊन खाली पार्किंगमध्ये आली आणि गाडी पुसणाऱ्या ड्रायव्हरकाकांना विचारलं, "काका, तुमच्या घरी आहे का विरजण?"

काका फडकं हातात धरून उभेच राहिले. कारण हे काका म्हणजे ओंकारचे वडील. दोन वर्षांपासून ते त्या घरी गाडी चालवत होते. रोज शाळा सुटताना फाटकाशी गाडी लावून उभे असायचे. ओंकार समोरून चालत बसस्टॉपकडे जायचा, आणि बापलेक एकमेकांकडे बघायचे नाहीत. तसं त्यांच्यात ठरलंच होतं. मलाही, शेजारी राहून, हे माहीत नव्हतं.

पुढचं मला ओंकारच्या आईनं सांगितलं. दारावर थाप पडली, ओंकारनं दार उघडलं, तर जिन्यात मायरा, हातात काचेची वाटी, आणि तिच्या मागे त्याचे पप्पा. मायरा म्हणाली, "तू इथे राहतोस? मग हे... काका तुझे पप्पा आहेत?"

"हो," ओंकार म्हणाला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

तिनं एकदा काकांकडे वळून पाहिलं. मग वाटी पुढे केली. "विरजण आहे? प्लीज. मी किती घरं फिरले माहितेय?"

ओंकार हसायला लागला. त्याची आई मला म्हणाली, मॅडम, तो असा मोकळा कधी हसतच नाही हो. त्यानं स्वतः आत जाऊन विरजण आणलं. "दूध कोमट घे, बोट घालून बघ, चटका बसला तर थांब," असं तिला दोनदा बजावलं. मग मायरा तिथेच बसली, तव्यावरची गरम पोळी लोणच्याशी खाल्ली, शिलाई मशीन चालवून बघितलं आणि एक चिंधी वेडीवाकडी शिवून निघाली.

सोमवारी आठवीचा वर्ग दुधाच्या डेअरीसारखा वास मारत होता. बाई चमचा घेऊन बाकाबाकावरून फिरल्या. "हे आंबट. हे पाणीदार, दूध टोन्ड वापरलंस. हे लागलंच नाही, पण वाटी छान आहे." मायराचं दही त्यांनी दोनदा खाल्लं. मग मीठ-जिरं घालून सगळ्यांनी खाल्लं.

शाळा सुटली. मी फाटकाशी ड्युटीवर होते. गाड्यांच्या त्या रांगेत उभी राहून मायरा अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशी ओरडली, "ओंकाऽर, अरे तुझे पप्पा आलेत!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. ओंकार बसस्टॉपकडे निघाला होता, तो थांबला. मला वाटलं, आता हा पळून जाणार. त्याचे वडील गाडीतून उतरून काय करावं ते न सुचून उभे. ओंकार परत फिरला, रांगेच्या कडेनं चालत आला, आणि म्हणाला, "पप्पा, दही सगळं संपलं." त्यांनी त्याच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या हातात घेतलं. इतकंच. पण मी पटकन दुसरीकडे बघितलं.

मंगळवारी मायराचे वडील मुख्याध्यापिका मॅडमच्या केबिनमध्ये बसले होते. वर्गशिक्षिका म्हणून मला बोलावलं, आणि बाईंना.

"माझ्या मुलीला तुम्ही ड्रायव्हरच्या घरी भीक मागायला पाठवलं!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "भीक नाही. भीक परत करायची नसते. विरजण परत द्यावं लागतं. उद्या ओंकारच्या आईचं दही बिघडलं तर त्या तुमच्या दारात येतील. तुमच्याकडे तयार असायला पाहिजे."

"मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही."

"अरेरे," बाई म्हणाल्या. अगदी मनापासून. जणू समोरच्यानं एखादं दुखणं सांगितलं होतं.

ते गृहस्थ लालबुंद झाले. ट्रस्टकडे तक्रार करतो, तुम्हाला इथे ठेवणार नाही, असं म्हणून उठले. बाईही उठल्या. "निघालाच आहात, तर उरण फाट्यापर्यंत सोडता?"

मॅडमनी डोळे मिटून घेतले. ते गृहस्थ दारात थांबले, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "चला."

बाई नेहमीप्रमाणे पुढे, ओंकारच्या वडिलांशेजारी बसल्या. मालक मागे. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणींनी त्यांना घेरलं. काय झालं? काय बोलले?

"बेलापूरपर्यंत काय बोलला नाय. मंग म्हनतो, बाई, मायराचं दही कालही लागलं. आमी जेवताना खाल्लं. मी म्हटलं, कसं होतं? म्हनतो, बरं होतं."

"आणि तक्रार?"

"तिचं बोललाच नाय. मी पन आठवण नाय केली."

आठवी संपत आली तशी मला वेगळीच काळजी लागली. कायद्यानं मिळालेली मोफत जागा आठवीपर्यंतच. पुढे त्या शाळेची फी ओंकारच्या घरच्यांच्या आवाक्यातली नव्हती. त्याच्या आईनं जवळची दुसरी शाळा बघूनही ठेवली होती. ओंकार मला म्हणाला, "मॅम, कुणाला काही सांगू नका हां. मला कुणी माझ्यासाठी गोळा केलेलं नकोय."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरोबर हाय त्याचं. त्यानं नाय मागायचं, आनि त्याच्या एकट्यासाठी पन नाय मागायचं. सगळ्या पोरांसाठी मागू. आपन कशाला हाव?"

ट्रस्टच्या अध्यक्षांची केबिन वरच्या मजल्यावर. आम्ही त्यांना फक्त वार्षिक संमेलनात, हार घालून घेताना पाहिलेलं. दर शनिवारी ते येतात एवढंच ठाऊक. बाई त्या शनिवारी वर गेल्या आणि म्हणाल्या, आठवीतून बाहेर पडणाऱ्या या मुलांना दहावीपर्यंत इथेच शिकू द्या. अध्यक्षांनी सभ्यपणे नाही म्हटलं. बाईंनी सभ्यपणे आभार मानले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेल्या.

"नियम नाही हो, बाई."

"म्हणून तर मागतेय. नियम असता तर मागावं कशाला लागलं असतं?"

त्यानंतर त्या एकट्या गेल्या नाहीत. ज्या ज्या गाडीतून त्यांनी इतकी वर्षं लिफ्ट मागितली होती, त्यातल्या एकेका पालकाला बरोबर नेऊ लागल्या. कधी डॉक्टरीणबाई, कधी जहाजवाल्या साहेबांची बायको, आणि एकदा तर त्या गुजराती आजी, ज्यांचं शाळेत कुणीच शिकत नव्हतं. ढोकळा घेऊन आल्या होत्या. अध्यक्ष प्रत्येकाला नाही म्हणत होते, पण त्यांचं 'नाही' दर शनिवारी जरा बारीक होत चाललं होतं, असं बाईंचं निरीक्षण.

निकाल लागून शाळेला सुटी पडली, तरी आम्हा शिक्षकांना यावं लागायचं. अशाच एका शनिवारी दुपारी बाई वर निघाल्या. त्यांच्या शेजारी मायराचे वडील होते. आम्ही स्टाफरूममध्ये बसून राहिलो.

वर काय झालं, ते बाईंनी नंतर सांगितलं. मायराचे वडील खुर्चीच्या कडेवर बसले, दोनदा घसा खाकरला. म्हणाले, "साहेब, मला मागायची सवय नाही, त्यामुळे नीट जमणार नाही. पण माझ्या मुलीच्या वर्गात जेवढी मुलं आज आहेत, तेवढी सगळी मला नववीत हवीत." आणि पुढे काही सुचलं नाही म्हणून "प्लीज" म्हणाले.

अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. दहावीपर्यंत. फक्त यंदाची नाही, दर वर्षीची मुलं." आणि खुर्चीत मागे टेकत हसले, "बाई, आता तरी झालं ना? की अजून काही मागायचं राहिलंय?"

बाईंनी खरोखरच विचार केला.

"चहा घेतला असता."

शिपाई सुटीवर. अध्यक्ष स्वतः उठले. केबिनमागच्या पँट्रीत किटली होती, दूधपावडर होती, टी-बॅगा होत्या. चहा झाला. बाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "साखर नाय यात."

"मी साखर खात नाही. इथे कुठे असेल, मला कल्पना नाही."

"मंग मागा की कुनाकडं तरी."

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्ही एवढंच पाहिलं, की स्टाफरूमचं दार हळूच उघडलं आणि दारात ट्रस्टचे अध्यक्ष उभे. सूट घातलेले, हातात कप. आम्ही सगळ्याजणी ताडकन उभ्या राहिलो. कुणाचं तरी पुस्तक खाली पडलं. ते आत आले नाहीत. उंबऱ्यावरच थांबले, एकेकीकडे बघितलं, कप जरासा पुढे केला आणि एखाद्या नव्या मुलासारख्या आवाजात म्हणाले,

"जरा... थोडी साखर मिळेल का कुणाकडे?"

माझ्या डब्याच्या पिशवीत पुडी होती. मी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, थँक्यू म्हणाले, पुन्हा एकदा थँक्यू म्हणाले, आणि जिन्यानं वर निघाले. लिफ्ट समोर होती तरी जिन्यानं. वरून बाईंचा आवाज आला, "मिळाली का?"

"मिळाली!" अध्यक्ष म्हणाले, आणि पायऱ्या भराभर चढू लागले.